शीतल कक्षाचं कुलूप

गोपीनाथ : त्या पाहणीच्या कागदावर ‘बंद’ एवढं लिही आणि सोडून दे. पुढचा मजकूर अनावश्यक आहे.

विनया : बंद आहे ते तर रस्त्यानं जाणाऱ्यालाही दिसतं. का बंद आहे, हे विचारलंय पुढच्या ओळीत.

गोपीनाथ : ‘कारण समजू शकले नाही’ असं लिहिता येतं. विम्याच्या नोकरीत मी ते वाक्य असंख्य वेळा लिहिलं आहे.

विनया : अहो, पण मला समजलंय ना. वल्लरी, तू आत्ता आली, तुला सांगते. काल संध्याकाळी मी बागेतल्या चौकीदाराला विचारलं, भैया, या हॉलची चाबी कोणाकडे असते? तो म्हणाला, साहब के पास. कोणते साहब? तर माझ्याकडे असा पाहून राहिला, जसं काही मी त्याची गंमत करून राहिली. म्हणे, आपके साहब, मैडम.

वल्लरी : म्हणजे काका?

विनया : आपले काका. आम्ही बायका भर उन्हात त्या दाराशी जाऊन परत येतो, वॉर्ड ऑफिसला बोल लावतो, आणि चाबी माझ्याच घरात, यांच्या कपाटात.

वल्लरी : काका, खरंच?

गोपीनाथ : तू आधी बस. माठातलं पाणी घे. यात लपवाछपवी काही नाही. बागेतला हॉल आपल्या सेक्टरच्या विकास समितीच्या ताब्यात आहे, मी समितीचा सचिव आहे, आणि चाबी सचिवाकडे असते. हिनं मला कधी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही.

वल्लरी : पण काका, आता तो नुसता हॉल नाहीये ना. शहराच्या हीट प्लॅनमध्ये तो शीतल कक्ष आहे. संपूर्ण उन्हाळा, रोज दुपारी, कुणीही आत येऊन बसायचं. कूलर, गार पाणी, ओआरएस. आपल्या मानसरोवर वसाहतीत राहणाराच पाहिजे असं काही नाही. उन्हाळे वाढत चाललेत, म्हणून शहरानं स्वतः लिहून दिलंय की आम्ही हे हे करू. आणि आमचा गट काय करतो, तर लिहून दिलंय ते जागेवर होतंय का, ते जाऊन बघतो. बस, एवढंच.

गोपीनाथ : मला पाठ आहे हे सगळं. ही सकाळ-संध्याकाळ ऐकवत असते.

वल्लरी : मग बंद का केलात?

गोपीनाथ : मी केला असं म्हणू नकोस. समितीचा निर्णय होता. सुरुवातीला उघडाच होता, विचार हिला. मग हळूहळू ई-रिक्षावाले यायला लागले. भंगार गोळा करणारे पोती घेऊन यायचे. आत बिड्या ओढायचे. एक दिवस पाण्याच्या मशीनचा नळच कोणीतरी काढून नेला. संध्याकाळी तिथे बायकांचा सत्संग असतो, त्यांनी तक्रार केली की सतरंज्यांना वास येतो. माथुर साहेब अध्यक्ष आहेत, ते म्हणाले, गोपीनाथजी, योग्य ती व्यवस्था होईपर्यंत तूर्त कुलूप लावा. मी लावलं.

विनया : आणि व्यवस्था?

गोपीनाथ : ती व्हायची आहे.

विनया : उन्हाळा उलटून चालला.

वल्लरी : काकू, एक मिनिट. मला यात भीती दुसरीच आहे. उद्याच्या जनसुनावणीसाठी वॉर्ड ऑफिसनं जी माहिती दिलीय ना, त्यात या कक्षापुढे ‘प्रतिसाद नाही’ असं आलंय. मतलब, खोली दिली, कूलर दिले, पण लोकच येत नाहीत. जिथे प्रतिसाद नाही तिथले कक्ष पुढच्या वर्षी काढून टाकायचे, असा प्रस्ताव आहे. एकदा नाव कटलं की परत येत नाही काकू. मी ऑफिसमध्ये असे बंद पडलेले प्रोजेक्ट बघते ना.

विनया : प्रतिसाद नाही, हे वॉर्ड ऑफिसला कोणी सांगितलं?

वल्लरी : ते नाही माहीत.

विनया : अहो.

गोपीनाथ : काय?

विनया : मी तुम्हाला विचारून राहिली.

गोपीनाथ : वॉर्ड ऑफिसचा एक कनिष्ठ अभियंता आला होता मध्ये. तरुण मुलगा. घाईत होता, स्कूटरवरून उतरलासुद्धा नाही. म्हणाला, अंकलजी, लोग आते हैं क्या? मी म्हणालो, नहीं आते.

विनया : कुलूप लावल्यावर कसे येतील?

गोपीनाथ : ते त्यानं विचारलं नाही.

वल्लरी : काका...

गोपीनाथ : असं बघू नकोस माझ्याकडे. मी खोटं बोललो नाही. लोक येत नव्हते, ही वस्तुस्थिती होती.

विनया : लिही गं वल्लरी. माझं अक्षर लागत नाही आपल्या गटातल्या पोरांना. कारण : सेक्टरच्या विकास समितीनं कुलूप लावलं.

गोपीनाथ : थांब, वल्लरी. विनया, तू जरा विचार कर. वर्ध्याहून बदली होऊन आलो तेव्हा या गल्लीत आपल्याला काय म्हणायचे? वो बीमावाले मराठी. नाव नव्हतं आपल्याला. होळीला दारावरून पुढे जायचे लोक. तुझी गौर बघायला कुणी आलं नव्हतं पहिल्या वर्षी, तू पूजेचं ताट घेऊन रडली होतीस.

विनया : आठवते.

गोपीनाथ : आता कुठे सगळे गोपीनाथजी म्हणतात. लग्नाची पहिली पत्रिका आपल्याकडे येते. सचिव केलं मला.

विनया : सचिव केलं, कारण बाकी कोणाला ती कटकट नको होती. माथुरजी फोन करणार, तुम्ही धावणार. हे तुम्हालाही माहीत आहे.

गोपीनाथ : असेल. तरी उद्या भर सभेत माझ्याच घरातली बाई उठून समितीविरुद्ध बोलली, तर मी संध्याकाळी बागेत त्या सगळ्यांच्या बाकावर कोणत्या तोंडानं जाऊन बसू? वॉर्ड ऑफिसला दोष द्या, मी तुमच्या बाजूनं उभा राहतो. त्यांचे इतर दोष कमी आहेत का? बसस्टॉपवर सावली नाही, लावलेली रोपं वाळून गेली. ते लिहा.

विनया : ते लिहिलंच आहे. त्याच्या खाली हे.

वल्लरी : काका, आपण फक्त त्यांच्याच चुका लिहिल्या, तर उद्या ते आमच्यावर का विश्वास ठेवतील? बाकीच्या वॉर्डांतून खरं लिहून आलेलंही वाया जाईल.

गोपीनाथ : तू लहान आहेस. सांगलीहून आलीस, दोन वर्षांनी कंपनी बदलशील, पुण्याला जाशील. आम्हाला इथेच राहायचं आहे.

वल्लरी : हो. ते बरोबर आहे तुमचं.

गोपीनाथ : आणि मुळात कुणाचं काय बिघडलं? इतक्या दिवसांत एक माणूस माझ्या दाराशी येऊन म्हणाला का, की चाबी द्या, मला आत बसायचं आहे?

वल्लरी : कुणाच्या दाराशी जायचं, हे कलावतीताईंना माहीत असतं तर त्या आल्या असत्या, काका.

विनया : वल्लरी.

वल्लरी : काकू, तुम्ही सांगितलं नाहीत त्यांना?

गोपीनाथ : कलावतीचा इथे काय संबंध? इस्त्रीवाली कलावती ना? ती पडली तिच्या ठेल्यापाशी. कोळशाची इस्त्री आणि वरून हे ऊन. हिनंच सांगितलं मला.

विनया : मी सांगितलं कलावती पडली म्हणून. कुठे पडली, हे तुम्ही विचारलं नाही.

गोपीनाथ : कुठे पडली?

विनया : हॉलच्या पायऱ्यांवर.

गोपीनाथ : कोणत्या हॉलच्या?

विनया : आता किती हॉल आहेत आपल्याकडे? तिला सकाळपासून गरगरून राहिलं होतं. मीच तिला आदल्या दिवशी सांगितलं होतं की गं बाई, त्रास झाला तर तिथे जाऊन बसत जा, सरकारनं सगळ्यांसाठी केलंय. तेव्हा आमची पाहणी सुरू व्हायची होती, मला वाटलं, उघडाच असेल. ती गेली. कुलूप वाजवून पाहिलं. मग परत ठेल्यापर्यंत यायचं बळ नव्हतं, म्हणून पायरीवर टेकली. तिकडून ऊन सरळ येतं दुपारी.

वल्लरी : आम्ही पाहणीला गेलो तेव्हा दिसल्या. आधी वाटलं झोपल्यात. हात लावला तर इतकं गरम अंग मी कधी पाहिलं नव्हतं, काका. बोलत होत्या, पण शब्दच लागत नव्हते. ई-रिक्षात घालून नेलं. काकूंनी सबंध रस्ताभर पदर ओला करून डोक्यावर धरला होता.

गोपीनाथ : दुपारी म्हणजे कधी?

विनया : तुम्ही जेवून लवंडले होते तेव्हा.

गोपीनाथ : मी घरीच होतो.

विनया : हो.

गोपीनाथ : आता कशी आहे ती?

विनया : वाचली. भावानं कानोत्याला, त्याच्या गावी नेलंय आरामाला. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा वेळ गेला असता तर काही खरं नव्हतं.

गोपीनाथ : तू मला हे बोलली का नाहीस?

विनया : तेव्हा चाबी तुमच्याकडे आहे हे कुठे माहीत होतं? सांगितलं असतं तर तुम्हीही माझ्यासारखे वॉर्ड ऑफिसला शिव्या घालून मोकळे झाले असते. आणि काल कळलं, तर काल तुम्ही इतक्या कौतुकानं आंबे घेऊन आले. पाटावर बसून पिळून राहिले होते रस. तिथे मी हे कुठे काढू?

गोपीनाथ : तरीच तू रस घेतला नाहीस.

वल्लरी : काका, सॉरी. मी असं बोलायला नको होतं.

गोपीनाथ : नाही. बरोबर बोललीस. माझी चप्पल कुठे आहे?

विनया : कुठे निघाले? बाहेर पाहा तरी काय तापलंय.

गोपीनाथ : हॉल उघडून येतो.

विनया : माथुरजींना विचारायचं नाही?

गोपीनाथ : ते झोपले असतील आत्ता.

विनया : दुपट्टा घ्या डोक्याला. आणि या ओळीत काय लिहायचं, ते सांगून जा.

गोपीनाथ : ते मला विचारू नकोस. पाहणी तू केली आहेस.

(आठ दिवसांनंतर, दुपारी, बागेतल्या हॉलमध्ये. दोन्ही कूलर चालू आहेत.)

वल्लरी : काकू, इथे बसू का? बाहेर नुसती भट्टी आहे. काय हो, किती माणसं आहेत आज.

विनया : बस. जरा हळू बोल, त्या कोपऱ्यातले गृहस्थ आत्ताच डोळे मिटून पडले. सिमेंटची पोती उतरवून आले सकाळपासून. जेवली?

वल्लरी : डबा खाल्ला ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीतच आलेय. मला आधी सुनावणीचं सांगा ना. त्या दिवशी सुट्टी मिळाली नाही, मग आमच्या सॉफ्टवेअरचं रिलीज होतं, फोनवर तुम्ही नुसतं ‘झालं नीट’ म्हणालात.

विनया : फोनवर काय सांगणार? हे समोर होते.

वल्लरी : म्हणजे काका आले होते? मला वाटलं नाहीच येणार.

विनया : मलाही. सकाळी म्हणाले, तू जा, मला बँकेत काम आहे. मी गेली. पुढच्या खुर्चीवर बसली. अधिकारी बाई होत्या, चांगल्या होत्या तशा, शांतपणे वाचून राहिल्या. मानसरोवर आलं तर म्हणाल्या, यहाँ जनता का रिस्पॉन्स नहीं मिला. मी उठली. आयुष्यात कधी माईक धरला नव्हता. मी म्हटलं, मैडम, रिस्पॉन्स कहाँ से मिलेगा, ताला लगा था. त्यांनी विचारलं, किसने लगाया?

वल्लरी : मग?

विनया : मग मी कागद उघडला. कागदावर तू लिहिलं होतं, वाचायचंच होतं फक्त. पण पहिल्या रांगेत माथुरजी बसलेले, माझ्याकडे वळून पाहून राहिले. त्या पहिल्या गौरीनंतर त्यांच्या बायकोनं मला किती सांभाळून घेतलं, ते सगळं डोळ्यांपुढे आलं. मी कागद परत मिटला. आणि मागून आवाज आला, मैंने लगाया.

वल्लरी : काका.

विनया : दाराशी उभे होते. बँकेत गेलेच नव्हते. तिथूनच बोलले. त्यांची हिंदी तुला माहीत आहे, अजून विम्याच्या पत्रासारखी आहे. म्हणाले, निवेदन यह है कि ताला मैंने लगाया, और आपके इंजीनियर को मैंने ही कहा कि लोग नहीं आते. एक महिला इसी कारण सीढ़ियों पर गिरी. कृपया इसे दर्ज किया जाए.

वल्लरी : समितीचं नाव?

विनया : घेतलं नाही. माथुरजींचंही नाही. मी वाचलं ते मग, समितीनं म्हणून. जे लिहिलं होतं ते वाचायलाच पाहिजे होतं.

गोपीनाथ : काय चाललंय? वल्लरी, कधी आलीस? हे घे, आजचं पाणी चांगलं गार आहे.

वल्लरी : आत्ताच आले, काका. सुनावणीचं ऐकत होते.

गोपीनाथ : ते काही विशेष नव्हतं. नोंद व्हायची ती झाली.

विनया : विशेष नव्हतं म्हणे. घरी येऊन संध्याकाळपर्यंत पंख्याकडे पाहत पडून राहिले होते.

वल्लरी : मग अधिकारी काय म्हणाल्या शेवटी?

गोपीनाथ : यंदापुरता कक्ष राहील. पावसाळ्यानंतर पुन्हा विचार होईल. मात्र त्यांच्याकडे बसायला माणूस नाही, ते समितीनं बघावं. समिती म्हणाली, आमच्याकडेही नाही. तेव्हा मी बसतो.

वल्लरी : रोज?

गोपीनाथ : दुपारी मी तसाही काय करत होतो?

विनया : बिडीवाल्यांना बाहेर कडुनिंबाखाली पाठवतात, पोती दाराशी ठेवायला लावतात. सत्संगाच्या सतरंज्या वेगळ्या बांधून ठेवल्या. एवढंच करायचं होतं तेव्हा, पण सुचलं नाही कुणाला.

गोपीनाथ : सुचलं होतं. कंटाळा केला.

वल्लरी : आणि माथुर साहेब?

गोपीनाथ : नवा सचिव नेमणार आहेत. समोर आले की राम-राम म्हणतात, थांबत नाहीत. संध्याकाळच्या बाकावर मी अजून गेलेलो नाही. जाईन केव्हातरी. त्यांच्या पत्नीनं मात्र काल दोन घागरी पाठवल्या इथे, भरून. निरोप काही नाही, नुसत्या घागरी.

वल्लरी : कलावतीताईंची काही खबर?

विनया : हे जाऊन आले कानोत्याला.

वल्लरी : काका, तुम्ही?

गोपीनाथ : परवा सकाळी. तिला सांगितलं, कुलूप माझं होतं. ती खाटेवर बसली होती, भावजय शेजारी. मला वाटलं होतं, काहीतरी बोलेल. रागावेल. तिनं विचारलं, साहब, पेड़ के नीचे किसी और ने ठेला तो नहीं लगा लिया? तिला तिच्या जागेचाच घोर लागला होता. मी म्हणालो, नाही, मी बघतो आहे. तरी तिनं पुन्हा विचारलं. निघताना परत एकदा विचारलं.

विनया : ठेला साखळीनं बांधून आले झाडाला. आपल्या गल्लीतले कपडे सध्या कोणी दुसऱ्याला देत नाही, मी घरोघर सांगून आली.

वल्लरी : बरं केलंत काकू. मी आज खरं म्हणजे दुसऱ्याच कामानं आलेय. ‘प्रतिसाद नाही’ अशा अजून काही खोल्या आहेत. जूनच्या शेवटी त्यांचा निर्णय आहे. एक मुरलीपुऱ्यात आहे, कारखान्यांच्या मागे. तिथलं बघायला कुणीच नाहीये. जी मुलगी जायची तिची परीक्षा आलीय. मला शनिवारशिवाय जमत नाही, आणि शनिवारी ते म्हणतात, आज सुट्टी, म्हणून बंद.

विनया : मी जाईन. पण एकटीनं तिकडे... पाहू.

गोपीनाथ : तिथलं कुलूप कोणाचं आहे?

वल्लरी : माहीत नाही, काका. कुलूपच आहे का, तेही माहीत नाही. कदाचित खरंच कुणी येत नसेल.

गोपीनाथ : विचारायला हवं. शेजारच्या दुकानात, चौकीदाराला. आणि फक्त ‘लोग आते हैं क्या’ एवढं विचारून चालणार नाही.

वल्लरी : नाही चालणार.

गोपीनाथ : सकाळी लवकर गेलं तर बारापर्यंत परत येता येईल, इथे उघडायला. विनया, मुरलीपुऱ्याला इथून कोणती बस जाते?

विनया : सरळ एकही जात नाही. मध्ये बदलावी लागते. चला तुम्ही, मी दाखवते.